वाचकांचे प्रश्न : कर्कश संगीतावर पाय का थिरकतात?

गेल्या महिन्यात या सदरात इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या कर्कश, काळोख्या शाखेचा ओझरता उल्लेख करताना ‘हे संगीत मला मनापासून आवडते, पण सलग तासाभराहून अधिक ऐकवत नाही’ असे एक वाक्य मी लिहून गेलो होतो. बाकीच्या मजकुराकडे दुर्लक्ष करून वाचकांनी नेमके तेच वाक्य धरले. तासभर तरी कसे ऐकवते, असे काहींनी विचारले आणि तासभरच का, असे काहींनी रागावून विचारले. आलेल्या पत्रांतील सात प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या खोलीतून रात्री जो आवाज येतो, त्याला ना चाल, ना कळणारे शब्द. कारखान्यातले एखादे यंत्र बिघडावे तसे वाटते. तरीही तो आणि त्याचे मित्र डोळे मिटून त्यावर डोलत असतात. यात आवडण्यासारखे नेमके काय आहे?

आपण केलेले वर्णन जवळपास अचूक आहे, त्यात एकच गोष्ट राहिली. यंत्र बिघडले की त्याचा ठेका चुकतो. या संगीतात मात्र बाकी सगळे बिघडल्यासारखे वाजत असते आणि ठेका तेवढा कधीच चुकत नाही. माझ्या मते याची सगळी मोहिनी या एका विसंगतीत आहे.

मिनिटाला १५० ठोके असा वेग धरला, तर दर ०.४ सेकंदाला एक किक, म्हणजे बास ड्रमचा जाड ठोका, येते. दोन-चार आवर्तनांतच शरीराची खात्री पटते की पुढचा ठोका ठरल्या जागीच पडणार आहे. एकदा ती खात्री पटली की त्या ठोक्याच्या आजूबाजूला कितीही खरखर, किंचाळणे, लोखंडावर लोखंड घासल्यासारखे आवाज आले, तरी माणूस घाबरून बाजूला होत नाही, कारण पाय कुठे टाकायचा हे त्याला ठाऊक असते. खरखर भीतीचे काम करते आणि ठेका आधाराचे, व ही दोन्ही कामे एकाच क्षणी चालू असतात.

खरखर भीतीचे काम करते, हे मी केवळ अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात माणसाच्या किंकाळीचे विश्लेषण केले गेले, तेव्हा असे दिसले की किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वरखाली होत असते, तर नेहमीच्या बोलण्यातील चढउतार त्याहून पुष्कळच सावकाश असतात. या जलद थरथरीमुळे आवाज खरबरीत लागतो आणि मेंदूतील धोक्याची दखल घेणारा अमिग्डाला हा भाग जागा होतो. सिंथेसायझरचा स्वर डिस्टॉर्शनमधून, म्हणजे आवाज मुद्दाम बिघडवणाऱ्या प्रक्रियेतून, काढला की त्यातही बऱ्याचदा अशीच खरबरीत थरथर उतरते. थोडक्यात, नाचणाऱ्याच्या कानावर सतत धोक्याची घंटा वाजत असते आणि त्याच वेळी पायाखालची जमीन सांगत असते की काहीही होणार नाही.

पायाखालची जमीन म्हणण्यालाही थोडा आधार आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या सभागृहात ऑर्फेक्स या इंडस्ट्रियल टेक्नो (याच कर्कश शाखेतला एक प्रकार) वाजवणाऱ्या जोडीचा कार्यक्रम ठेवून तेथील संशोधकांनी एक प्रयोग केला. श्रोत्यांच्या डोक्यावर हालचाल मोजणाऱ्या पट्ट्या बसवल्या आणि ८ ते ३७ हर्ट्झ इतका खालचा, कानाला जेमतेम जाणवणारा किंवा न जाणवणाराच आवाज देणारे खास स्पीकर कार्यक्रम चालू असताना काही-काही मिनिटांनी चालू-बंद केले. ते चालू असताना लोकांची हालचाल ११.८ टक्क्यांनी वाढली. नंतर स्वतंत्रपणे घेतलेल्या चाचणीत हे स्पीकर चालू आहेत की बंद, हे लोकांना ओळखता आले नाही. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपण का अधिक नाचत आहोत, हे नाचणाऱ्यांना माहीतच नव्हते.

आता एक किक जवळून पाहू. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या रोलंड टीआर-९०९ या ड्रम मशीनची किक मुळात साधी आहे. आधी टिचकी मारल्यासारखा बारीक आवाज येतो आणि लगेच वरून खाली घसरणारा जाड स्वर. हार्ड टेक्नो, म्हणजे वेगवान आणि कठोर टेक्नो, करणारा कलाकार ही किक घेतो आणि तिची एक प्रत रिव्हर्बमधून काढतो, म्हणजे ती मोठ्या रिकाम्या दालनात घुमल्यासारखी होते. त्या घुमण्यातला वरचा सगळा भाग फिल्टरने छाटून तो उरलेला तळाचा गडगडाट डिस्टॉर्शनमधून पिळून काढतो, आणि मूळ किक वाजण्याच्या क्षणापुरता तो गडगडाट आपोआप दबेल अशी जोडणी करतो. मग ठोका पडतो, त्यामागून काळी लाट भरून येते आणि पुढच्या ठोक्यापाशी आपसूक मागे सरते. या क्षेत्रातले लोक तिला ‘रंबल’ म्हणतात. आपल्याला ऐकू येत असेल तो बहुधा एवढाच भाग असावा, कारण भिंत वरचे आवाज अडवते आणि तळाचे पलीकडे सोडते. भावाच्या वाट्याला संगीत येते आणि आपल्या वाट्याला फक्त गडगडाट. आपली तक्रार त्यामुळे पूर्णपणे रास्त आहे.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. भावाला हवे तेव्हा तो हे बंद करू शकतो आणि नाचणाऱ्याला हवे तेव्हा तो दाराबाहेर जाऊ शकतो. स्किनी पपी या कॅनडातील गटाला आपले संगीत ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तुरुंगात कैद्यांना छळण्यासाठी वापरले गेल्याचे समजले, तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याला ६,६६,००० डॉलरचे बिल पाठवल्याचे २०१४ मध्ये जाहीर केले. ६६६ हा सैतानाचा आकडा मानला जातो, तो रकमेतला खोडकरपणा सोडा. जे संगीत नाचघरात लोक तिकीट काढून ऐकतात, तेच दार बंद असलेल्या कोठडीत शिक्षा ठरते आणि त्यासाठी त्यातला एकही स्वर बदलावा लागत नाही.

प्रश्न : इंडस्ट्रियल, ईबीएम, अ‍ॅग्रोटेक, हार्ड टेक्नो, गॅबर ही सगळी एकाच गोष्टीची नावे आहेत का?

नाहीत, पण त्यांच्या सीमारेषांवरून भांडणाऱ्यांच्या नादी लागू नये. ढोबळपणे दोन घराणी आहेत असे समजावे.

पहिले घराणे इंडस्ट्रियलचे. थ्रॉबिंग ग्रिसल या ब्रिटिश गटाने १९७६ मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि त्या नावाने हा प्रकार ओळखला जाऊ लागला, पण त्यांचे बरेचसे संगीत नाचण्यासाठी नव्हतेच. ते अस्वस्थ करण्यासाठी होते. त्याला पाय फुटले ते डुसेलडॉर्फच्या डीएएफ या जोडीमुळे. सीक्वेन्सरवर, म्हणजे ठरवून दिलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर, फिरणारा बेस, हातांनी वाजवलेले ड्रम आणि हुकूम सोडल्यासारखा आवाज, एवढ्याच सामग्रीवर १९८१ मध्ये त्यांनी जे केले, त्याच्या तोडीचे काटकसरीचे नृत्यसंगीत मला आजही क्वचितच सापडते. बेल्जियमच्या फ्रंट २४२ ने १९८४ पासून आपल्या संगीताला ‘इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक’ म्हणायला सुरुवात केली आणि त्याचेच पुढे ईबीएम झाले. इंग्लंडमध्ये नाइट्झर एब या गटाने तीच वाट धरली. अ‍ॅग्रोटेक हे या घराण्याचे नातवंड. १९९० च्या दशकात ट्रान्स या दुसऱ्या एका इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातले चकचकीत सिंथेसायझर आणि डिस्टॉर्शनमध्ये बुडवलेला घोगरा आवाज यांची सांगड घातली गेली. बेल्जियमचा सुइसाइड कमांडो आणि मेक्सिको सिटीचा ओसिको ही त्यातली ठळक नावे.

दुसरे घराणे टेक्नोचे. डेट्रॉइटमध्ये १९८० च्या दशकात जन्मलेले हे संगीत बर्लिनची भिंत पडल्यानंतर त्या शहरातल्या मोकळ्या पडलेल्या इमारतींमध्ये शिरले. एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत १९९१ मध्ये ट्रेझोर हा क्लब सुरू झाला, आणि त्या नावाचा अर्थच तिजोरी असा आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये सर्जन आणि रेजिस या कलाकारांनी टेक्नो आणखी कोरडा, आणखी कठोर केला. नेदरलँड्समधील रोटरडॅममध्ये त्याच सुमारास वेग मिनिटाला १६० ठोक्यांच्या पुढे नेऊन गॅबर जन्माला आला.

दोन्ही घराण्यांचे लग्नसंबंध पूर्वीपासूनच आहेत. डेट्रॉइटचा जेफ मिल्स टेक्नोत नाव कमावण्याआधी एका इंडस्ट्रियल गटात होता. नवख्याने ओळखायची खूण एवढीच लक्षात ठेवावी, की पहिल्या घराण्यात बहुधा कोणीतरी आपल्याशी, म्हणजे आपल्यावर, ओरडत असते आणि दुसऱ्यात बहुधा कोणीच बोलत नाही.

प्रश्न : गेली पंधरा वर्षे मी हे संगीत ऐकतो आहे. अलीकडे मात्र नवे काही लावले की दहा मिनिटांत कंटाळा येतो. माझे वय झाले की संगीत खालावले?

दोन्ही शक्यता आपण प्रामाणिकपणे मांडल्यात, म्हणून तिसरी सुचवण्याचे धाडस करतो. ज्या गुणामुळे हे संगीत आवडते, त्या गुणातच त्याची मर्यादा आहे, आणि पंधरा वर्षांत आपण तिथपर्यंत पोहोचलात.

डिस्टॉर्शन म्हणजे प्रत्यक्षात काय होते ते पाहा. ध्वनीची लहर यंत्राला पेलवणार नाही इतकी मोठी केली की तिचा माथा आणि तळ छाटला जातो. त्या छाटलेल्या कडांमधून मुळात नसलेले वरचे स्वरांश तयार होतात आणि आवाजाला धार येते. परंतु माथा छाटल्यामुळे लहान लहर आणि मोठी लहर यांतले अंतरही कमी होते. हळू आवाज आणि मोठा आवाज जवळजवळ सारखेच होतात. म्हणजे धार मिळते ती चढउताराच्या मोबदल्यात. एका वाद्यावर हा प्रयोग केला तर ते वाद्य उठून दिसते, कारण शेजारी न छाटलेली वाद्ये असतात. किकपासून गायकाच्या आवाजापर्यंत सगळ्यांवर केला, की कानापुढे एक सरळसोट भिंत उभी राहते, आणि भिंतीची सवय व्हायला फार वेळ लागत नाही. पंख्याचा आवाज जसा थोड्या वेळाने ऐकूच येईनासा होतो, तशीच गत सलग खरखरीची होते.

सवय झाली की मात्रा वाढवण्याचा मोह होतो, आणि या संगीताच्या इतिहासातला बराचसा भाग म्हणजे ही वाढत गेलेली मात्राच आहे. डीएएफच्या काळातला वेग आजच्या कानाला चालत जाण्याचा वाटतो. गेल्या काही वर्षांत हार्ड टेक्नो सर्रास १५० च्या वर गेला, गॅबर २०० च्या आसपास पोहोचला आणि स्पीडकोर नावाचा प्रकार ३०० ओलांडून गेला. त्याही पुढे जाणारे आहेत. मिनिटाला १२०० ठोके म्हणजे सेकंदाला २०, आणि साधारण तिथे कानाला सुटे ठोके ऐकू येणे बंद होऊन त्यांचा एक सलग जाड स्वर होतो. असे संगीतही कोणी कोणी करतात आणि मला त्या वेडाबद्दल आदर आहे. पण गंमत पाहा, ठेका वाढवत वाढवत नेला आणि शेवटी ठेकाच नाहीसा झाला. पायांनी तर त्याच्या कितीतरी आधी हात टेकलेले असतात. एवढ्या वेगाला नाचणारे बहुतेकजण दर दुसरा ठोका सोडून देतात, म्हणजे ३०० चे पुन्हा १५० होतात.

अ‍ॅग्रोटेकच्या बाबतीत वेगापेक्षा साच्याने घात केला, असे माझे मत आहे. आरंभी एखाद्या भयपटातले वाक्य, मग घोगरा आवाज, मग ट्रान्समधून उसना आणलेला भरगच्च सिंथ, मग पुन्हा ते वाक्य. पहिल्या दहा गाण्यांत हे अंगावर येते. शंभराव्या गाण्यात पुढचे वाक्य कधी येणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळलेले असते, आणि काळोख हा असा प्रकार आहे की त्याचे वेळापत्रक कळले की त्यातली भीती जाते. ठेका ठरलेला असावा, हे मी वर म्हटले आहे, पण भीतीही ठरलेली असून चालत नाही. द्वेष, मृत्यू, रक्त यांपलीकडचा विषय नसेल, तर तो आवाज कितीही घोगरा केला तरी शेवटी पोशाखाचा भाग होतो.

आपल्याला माझा सल्ला असा की नवे ऐकण्याऐवजी काही आठवडे थोडे हळू आणि थोडे मोकळे ऐकावे. बर्मिंगहॅमच्या त्या कलाकारांची १९९० च्या दशकातली कामे पुन्हा काढा. त्यांत दोन आवाजांच्या मध्ये चक्क रिकामी जागा आहे. वयाचा प्रश्न उरलाच, तर तो मलाही आहे.

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. स्वभावाने शांत, पण ऐकते ते सगळे राग आणि हिंसेने भरलेले. याचा तिच्या मनावर परिणाम होईल का?

आपली काळजी नवी नाही. एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, तेव्हा ते केएमएफडीएम या जर्मन इंडस्ट्रियल गटाचे चाहते असल्याचे उघड झाले आणि साऱ्या जगाने हाच प्रश्न विचारला. गटाने निवेदन काढून हत्याकांडाचा निषेध केला आणि आपले संगीत प्रथमपासून युद्ध, दडपशाही व फॅसिझम यांच्या विरोधात असल्याचे सांगितले. त्याच गटाची गाणी ऐकणाऱ्या इतर असंख्य लोकांनी अर्थातच काहीही केले नव्हते, परंतु न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ मध्ये केलेला एक छोटा अभ्यास येथे उपयोगी आहे. तो मेटल आणि तत्सम आक्रमक संगीताच्या १८ ते ३४ वयोगटातील ३९ श्रोत्यांवर केला होता, हे आधी सांगतो. त्यांना राग आणणाऱ्या आठवणी काढायला लावल्या, मग काहींना स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकू दिले आणि काहींना शांत बसवले. संगीत ऐकणाऱ्यांचा राग भडकला नाही. त्यांची चिडचिड शांत बसलेल्यांइतकीच कमी झाली आणि वर त्यांना उत्साही वाटले. अभ्यास लहान आहे, शिवाय त्यातल्या सगळ्यांना ते संगीत आधीपासून आवडत होते. ज्याला ते आवडत नाही त्याचे काय होते, हे आपण स्वतः अनुभवत असालच.

माझे उत्तर असे, की मुलगी काय ऐकते यापेक्षा ती त्याविषयी बोलते का, याकडे लक्ष द्यावे. एखाद्या संध्याकाळी तिलाच सांगा, ‘तुझ्या आवडीचे एक लाव आणि यात तुला काय ऐकू येते ते मला सांग.’ पूर्ण ऐका, मधे उठू नका. तिचे बोलणे बंद झाले, झोप गेली, मैत्रिणी तुटल्या, तर काळजी जरूर करावी आणि जाणत्याची मदत घ्यावी, पण तेव्हाही कारण संगीतात शोधण्यात वेळ घालवू नये.

प्रश्न : या गटांचे लष्करी पोशाख, बूट, मुठी, घोषणा पाहून अस्वस्थ वाटते. हे लोक फॅसिझमची टिंगल करत आहेत की त्याच्या प्रेमात आहेत?

सगळ्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि उत्तर गटागणिक बदलते. डीएएफच्या १९८१ मधील ‘डेर मुसोलिनी’ या गाण्यात मुसोलिनी, हिटलर आणि येशू ख्रिस्त ही नृत्याच्या प्रकारांची नावे असल्यासारखी एकापाठोपाठ येतात. हुकूमशहाला नाचाची पायरी करून टाकणे यात त्याची प्रतिष्ठा उतरवण्याचा भाग आहे, आणि ते लिहिणारा, गाणारा गाबी डेल्गादो स्वतः स्पेनमधून जर्मनीत आलेल्या कुटुंबातला होता. स्लोव्हेनियातील लायबाख हा गट १९८० पासून हुकूमशाहीचा सगळा थाट इतक्या गंभीर चेहऱ्याने वापरतो की प्रेक्षकाला स्वतःच्याच टाळ्यांची भीती वाटावी. या दोन्ही ठिकाणी प्रतिमेला कामाला लावलेले आहे.

अडचण पुढच्या पिढीत सुरू होते. प्रतिमा तशीच राहते, प्रश्न गळून पडतो आणि गणवेश केवळ ‘छान दिसतो’ म्हणून उरतो. उपहास केला आहे असे नंतर मुलाखतीत सांगावे लागत असेल, तर तो उपहास नाचघरापर्यंत पोहोचलेला नाही, असे मी मानतो. ही टीका बाहेरच्यांनीच केली असेही नाही. २०१२ मध्ये माँट्रियलच्या किनेटिक महोत्सवात एका कलाकाराने आपल्याच कार्यक्रमाच्या वेळी पडद्यावर त्याच महोत्सवात वाजवणाऱ्या दोन गटांच्या स्त्रीद्वेष्ट्या व फॅसिस्ट वळणाच्या प्रतिमा दाखवून याहून चांगल्याची मागणी केली. पाहुण्याने यजमानाच्याच पंगतीत उठून बोलावे तसा तो प्रकार होता, आणि त्यावरून वादही पुष्कळ झाले. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात गॅबरच्या मेळाव्यांत अतिउजवे तरुण दिसू लागले, तेव्हा कलाकारांनी आणि कंपन्यांनी वर्णद्वेषविरोधी घोषणा छापून उघड बाजू घेतली. संगीत स्वतः बाजू घेऊ शकत नाही, हे त्यांना कळले होते. मिनिटाला १८० ठोके कोणाच्याही रागाला चालतात.

म्हणून राग कोणावर आहे, हे मी पाहतो. सत्तेवर, यंत्रावर, स्वतःवर असेल तर ऐकतो. आधीच खाली असलेल्यावर, बहुतेक वेळा बाईवर, असेल तर बंद करतो, मग किक कितीही उत्तम असो.

प्रश्न : अशा कार्यक्रमाला जाऊन आल्यावर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. हे नेहमीचेच आहे का?

नेहमीचे आहे, म्हणूनच वाईट आहे. ती शिट्टी म्हणजे आतल्या कानाला ताण पडल्याची खूण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे. कामाच्या ठिकाणांसाठी अमेरिकेत वापरला जाणारा एक हिशेब त्याहून कडक आहे. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. मीही पंचविशीत एका क्लबात स्पीकरला पाठ लावून रात्र काढली होती आणि आज शांत खोलीत बसलो की त्याची आठवण उजव्या कानात बारीक आवाजात वाजते. वादकांसाठी मिळतात तसे, सगळे आवाज सारखेच कमी करणारे इअरप्लग वापरावेत. किकचा आनंद कमी होत नाही, ती छातीला लागतच राहते. शिट्टी पुन्हा दोन दिवस टिकली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : मी घरी संगणकावर असे संगीत करतो. प्रत्येक ट्रॅकवर डिस्टॉर्शन लावले, आवाज मर्यादेपर्यंत चढवला, तरी ऐकताना ते कठोर वाटत नाही, नुसते मळकट वाटते. काय चुकते?

आपण सोबत पाठवलेला तुकडा मी तीन वेळा ऐकला. त्यात आठ गोष्टी एकदम ओरडत आहेत आणि आठही एकाच पट्टीत, साधारण मधल्या भागात, गर्दी करून आहेत. किक पहिल्या ठोक्याला चांगली लागते, पण तिच्या मागचा गडगडाट पुढची किक येईपर्यंत हटत नाही, म्हणून दुसऱ्या ठोक्यापासून ती बुडते. सगळ्या ट्रॅकवरचे डिस्टॉर्शन काढून टाका आणि फक्त किकवर ठेवा. गडगडाट मूळ किकच्या वेळी नीट दबतो आहे का, ते तपासा. हाय-हॅट (ड्रमच्या जोडझांजांचा आवाज) कोरडे, स्वच्छ आणि अगदी लहान ठेवा. मग एकच कर्कश आवाज निवडा, जो आपल्याला स्वतःला थोडा नकोसा वाटतो असा, आणि तो सोळा मात्रांत एकदाच येऊ द्या. आपल्या तुकड्यात १ मिनिट ४० सेकंदांवर सगळे थांबते आणि दोन मात्रा काहीच वाजत नाही, नंतर किक एकटी परत येते. ती बहुधा चुकून राहिलेली जागा असावी, पण ती काढू नका. मी तिन्ही वेळा तिथेच मान हलवली.